प्रशिक्षण मोफत, तरी जागा रिकाम्या का?

नोकरी गेलेल्यांसाठीच्या प्रशिक्षण वर्गात जागा रिकाम्या राहिल्या, की 'यांना कामच नकोय' असं म्हणून मोकळं होणारे बरेच असतात. हा आरोप अन्यायाचा आहे, आणि मागचा इतिहास पाहिला तर तो टिकतही नाही.

१९३०च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल गावची कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. तिथे बेकारीच्या अभ्यासाला गेलेल्या समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि सहकाऱ्यांना दिसलं, की लोकांकडे वेळच वेळ आहे, वाचनालयाचे पैसेही माफ झालेत, तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण निम्म्यावर आलंय. बेकारी शिकण्याची उमेदच खाऊन टाकते, हे तेव्हाच कळलं होतं.

पुढे १९६२ मध्ये अमेरिकेत यंत्रांमुळे काम गेलेल्यांसाठी प्रशिक्षणाचा कायदा झाला. त्यात शिकणाऱ्याला बेकारी भत्त्याच्या आसपास रक्कम मिळे. १९८२च्या नव्या कायद्याने हा आधार जवळपास काढूनच घेतला. फी नसली तरी महिनोन् महिने घर कशावर चालवायचं? मग मिळेल ते काम धरणाऱ्याला आळशी कसं म्हणायचं? पन्नाशीतल्या माणसाचा हिशेब तर आणखी कठीण, कारण शिकलेलं वापरायला वर्षंच थोडी उरलेली असतात.

मग वर्गात येतात ते कोण? अमेरिकन अर्थतज्ज्ञ ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर यांनी १९७८ मध्ये दाखवलं, की नाव नोंदवण्याच्या आधीच्या काळात या लोकांची कमाई घसरलेली असते. म्हणजे पाणी गळ्याशी आल्यावरच बरेचजण वर्गाची वाट धरतात.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित कारण माहितीचं आहे. जेम्स हेकमन आणि जेफ्री स्मिथ या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेच्या त्याच १९८२च्या कायद्याखालच्या योजनेत पात्र ठरण्यापासून प्रवेशापर्यंतची एकेक पायरी तपासली. कमी शिकलेले बरेचजण पहिल्याच पायरीवर गळत होते, कारण योजना आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्यात योजना चालवणाऱ्या कार्यालयांचं काम किती जणांना नोकरी लागली यावर मोजलं जाई, त्यामुळे सहज नोकरी लागेल अशांनाच आत घेण्याचा मोह होता.

जर्मनीने २००३ मध्ये प्रशिक्षणाचा खर्च भागवणारं कूपन देऊन वर्ग निवडण्याचा हक्क बेकारांनाच दिला. पण प्रशिक्षण संस्था शोधायची ज्याची त्याने, तीही मुदतीच्या आत. बरीच कूपनं न वापरताच बाद झाली.