बंदुकीचा गेम मुलासाठी घेताय? आधी हे वाचा
(रत्नागिरी परिसरातल्या आमच्या ग्राहकांसाठी)

डिस्कवरचा वयाचा आकडा गेम किती अवघड आहे ते सांगत नाही. पोरगं हुशार आहे म्हणून १८चा गेम चालेल, असं होत नाही. पेगी (युरोपातली गेमना वयाचा आकडा देणारी पद्धत) हिचे ३, ७, १२, १६, १८ हे आकडे आत काय दाखवलंय त्यावर ठरतात. अमेरिकेच्या डिस्कवर अक्षर असतं: टी म्हणजे १३ पासून पुढे, एम म्हणजे १७ पासून पुढे.

नेम धरून मारणं सगळ्यांतच आहे, तरी फरक मोठा आहे. स्प्लाटूनमध्ये शाई उडते, त्याला ७. फोर्टनाइटमध्ये माणसं पडतात पण रक्त नाही, म्हणून १२. व्हॅलोरंटला १६. कॉल ऑफ ड्यूटीच्या मॉडर्न वॉरफेअरला १८, आणि तो शाळकरी मुलाला देऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. रक्त बंद करायची सोय काही गेमांत असते, पण तेवढ्याने ओलीस, छळ असे प्रसंग जात नाहीत.

आकडा एक गोष्ट सांगत नाही: ऑनलाइन खेळताना हेडफोनमधून कोण बोलतंय. तिथे अनोळखी मोठी माणसं असतात, शिव्या असतात. दहाच्या आतल्या मुलाला व्हॉइस चॅट बंदच ठेवा.

पीएस५ (प्लेस्टेशन ५ हा कन्सोल) वर सेटिंग्ज, मग फॅमिली अँड पॅरेंटल कंट्रोल्स, मग फॅमिली मॅनेजमेंट उघडा. मुलाचं वेगळं खातं काढा, जन्मसाल खरं टाका. त्या खात्यात वयाची पातळी, बोलण्यावरची बंदी, खेळायची वेळ आणि महिन्याचा खर्च शून्य, एवढं ठरवा. हे सगळं करूनही बहुतेक घरांत गाडी अडते ती बाबांच्या खात्यावर. त्याला पासकोड नसतो आणि मूल तिथूनच खेळतं. बंधनं फक्त मुलाच्या खात्याला लागतात, म्हणून मोठ्यांच्या खात्याला पासकोड लावाच. शिवाय कन्सोलच्या निर्बंधांचा पासकोड मुळात ०००० असतो. तो पहिल्याच दिवशी बदला.

मोबाइलवर प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये फॅमिली, मग पॅरेंटल कंट्रोल्स उघडून पिन लावा. आधीच टाकलेला गेम त्याने बंद होत नाही, तो हाताने काढावा लागतो. खरेदीला पासवर्ड मागेल असंही करून ठेवा. आजोबांच्या फोनवर यूपीआय जोडलेलं असेल तर हे आधी करा. गणपतीत नि मे महिन्यात मुंबईची मोठी भावंडं येतात, तेव्हा त्यांच्या फोनवर काय चाललंय तेही बघावं लागतं.

आता वेळेचं. ऑनलाइन मॅच मध्येच थांबवता येत नाही. जेवायला हाक मारली आणि मूल उठलं नाही, तर दर वेळी तो हट्ट नसतो. मधेच उठलं की साथीदार हरतात, काही गेमांत पुढची मॅच काही वेळ खेळूच देत नाहीत. म्हणून मिनिटांपेक्षा मॅच मोजा: "दोन मॅच, मग बंद." पावसात लाइट गेली की हेच होतं, मूल चिडतं. राउटरला छोटा यूपीएस लावला तरी कन्सोल बंद पडणारच, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

घेण्याआधी गेम दुकानात लावून वीस मिनिटं स्वतः बघा. सुरुवातीचा शिकवणीचा भाग सौम्य असतो, त्यावरून ठरवू नका. पुढची एखादी मोहीम लावायला सांगा. पासकोड नि खाती आम्ही लावून देतो, त्याचे पैसे नाहीत. येताना कन्सोल आणि तुमचा ईमेल उघडणारा फोन आणा.