धुराडं आलं, झाडणारा आलाच नाही

विदर्भातल्या खेड्यात कोणी म्हटलं की आज धुराडं साफ करायला माणूस बोलावला, तर लोक हसतील. विहिरीतला गाळ काढायला माणसं मिळतात, सेप्टिक टँकला गाडी येते, उन्हाळ्याच्या तोंडावर कूलरच्या ताट्या बदलून देणारा दारावर येते, पण चुलीच्या पाइपातली काजळी काढणारा असा कोणी नाही. तिकडे युरोप-अमेरिकेत लाकूड जाळणाऱ्या घरांसाठी हा पक्का धंदा आहे, वर्षातून एकदा माणूस येतो, ब्रश घालतो, पाइपात कॅमेरा सोडून पाहतो, कागदावर लिहून देतो, पैसे घेऊन जातो. आपल्याकडे तर चूल रोज दोन टाइम पेटते, मग हा धंदा इथं काहून झाला नाही, हे समजायचं तर बरंच मागं जावं लागते.

आधी आपलं जुनं घर पाहा. मातीच्या भिंती, वर लाकडं, त्यावर बांबूच्या कमच्या आणि कवेलू, म्हणजे मातीची कौलं. सैपाकघर मागच्या अंगाला, खिडकी नावापुरती, कोपऱ्यात चूल आणि बाजूला वैल. धुराडं नाहीच. धूर जायचा कुठून तर वरून, कवेलूंच्या फटीफटीतून, आख्ख्या छपरातून. हिवाळ्यात सकाळी गावाकडे पाहिलं की घराघराच्या छपरातून धूर झिरपतांना दिसायचा, नव्या माणसाला वाटावं घर पेटलं. थोडक्यात छप्परच धुराडं होतं. हे चांगलं होतं असं मी बिलकुल म्हणत नाही, फुकनी फुकून फुकून बायांचा जीव जायचा, डोळे लाल, खोकला कायमचा, आणि आत्ता जे लोक "जुनं ते किती छान" म्हणून चुलीचे फोटो टाकतात त्यांना एक पावसाळा ओल्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या काड्यांवर, भाकरी टाकायला लावल्या पाहिजेत. पण तो धूर पुरा वाया जात नव्हता हेही खरं. धूर लागलेल्या बांबूला भुंगा लवकर लागत नाही, बियाण्याची कणसं चुलीच्या वर दांडीला टांगून ठेवायचे ते किडीपासून वाचावी म्हणूनच.

आणि साफसफाई? तीही व्हायची, फक्त तिचं काम म्हणून वेगळं नाव नव्हतं. पावसाळ्याच्या आधी कवेलू फेरायचे. वर चढणारा माणूस फुटलेले कवेलू काढायचा, माकडांनी सरकवलेले नीट बसवायचा, एकेक उचलून झटकायचा, कचरा-काजळी-उंदरांची घरं सगळं खाली यायचं, आणि हे करतांना त्याला दिसायचं की चुलीच्या बरोबर वरची कमची किती काळी पडली, कुठली लाकडं खाल्ली गेली, कुठं बदलायला पाहिजे. अमेरिकेतला माणूस आज वर्षातून एकदा येऊन जे पाहतो त्यातलं बरंचसं हेच. दिवाळीच्या आधी आतून जळमटं काढायची, बांबूला फडा बांधून, डोक्याला फडकं गुंडाळून, ते बायांकडे. म्हणजे वरून एकदा आणि आतून एकदा, वर्षाला दोन वेळा धुराची वाट मोकळी होत होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाची आहे.

घरातलं एकच खरं धुराडं म्हणजे आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब, ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडे. मधून नळी, खालून जाळ, भोवती पाणी. बंबाची नळी काजळीनं भरली की पाणी तापायला वेळ लागते, जळतन जास्त लागते, आणि धूर खालच्या तोंडातून बाहेर येते, हे घरातल्या पोरालाही माहीत होतं, म्हणून ती नळी कोणी न सांगता खरडली जायची. बाहेरून चिंचेनं घासणं पाहुण्यांसाठी, आतून खरडणं पाण्यासाठी.

आता तिकडचा भाग. इंग्लंडात विटांची धुराडी आधीपासून होती, पुढं लाकडाच्या जागी दगडी कोळसा आला तशा नळ्या अरुंद झाल्या, काही तर नऊ-नऊ इंचाच्या चौकोनी, आणि त्यात वळणं. मोठा माणूस जाणार कसा, म्हणून लहान पोरं आत चढवायचे. गरिबाघरची, अनाथाश्रमातली, चार-सहा वर्षांची पोरं. १७७५ मध्ये लंडनच्या पर्सिव्हल पॉट नावाच्या सर्जननं लिहून ठेवलं की या धुराडेवाल्यांना अंडकोशाच्या कातडीचा कॅन्सर होतो आणि तो काजळीमुळं होतो. कामधंद्यामुळं कॅन्सर होतो हे पहिल्यांदा नीट दाखवलं गेलं ते इथं. मग कायदे आले, १७८८ चा, १८३४ चा, १८४० चा, १८६४ चा, आणि प्रत्येक कायदा लोकांनी धाब्यावर बसवला, कारण पोरगं स्वस्त पडायचं. गंमत म्हणजे जोडता येणाऱ्या काठ्यांचा ब्रश १८०० नंतर थोड्याच वर्षांत निघाला होता, पण घरमालकांना आपली भिंत फोडून वळण सरळ करून घ्यायचं नव्हतं. १८७५ मध्ये केंब्रिजजवळ जॉर्ज ब्रूस्टर नावाचं पोरगं धुराड्यात अडकून मेलं, तेव्हा कुठं लॉर्ड शाफ्ट्सबरी या संसदेतल्या समाजसुधारकानं जो कायदा आणला त्यात धुराडेवाल्यांना लायसन्स घेणं आणि पोलिसांनी ते तपासणं आलं, आणि पोरं चढवणं थांबलं.

जर्मनीत वेगळं झालं. तिथं सरकारनंच इलाखे पाडून दिले, एका इलाख्याला एक धुराडेवाला, त्यानं घरोघर जाऊन झाडायचं-तपासायचं, घरवाल्याला नाही म्हणता येत नाही. ही मक्तेदारी २०१३ पर्यंत टिकली, आणि आजही तपासणी सक्तीचीच आहे. अमेरिकेत हा धंदा गॅस-तेलामुळं मरायला टेकला होता, १९७३ च्या तेलाच्या टंचाईनं लोक परत लाकडाच्या शेगड्यांकडे वळले, आगी लागल्या, आणि धंदा पुन्हा उभा राहिला. तिथल्या अग्निसुरक्षेच्या नियमात वर्षाला एक तपासणी लिहिलेली आहे, आणि आतला थर अंदाजे ३ मिलिमीटर झाला की साफ करा असं तिथले लोक मानतात. त्यांची भीती आपल्याहून वेगळी आहे. बंद शेगडीत हवा कमी करून ओलसर लाकूड रात्रभर धुमसत ठेवलं की धूर थंड नळीत जाऊन डांबरासारखा चिकट थर बनवतो, त्याला क्रिओसोट म्हणतात, आणि एक दिवस तो थरच पेट घेतो. म्हणून तिकडे लाकडात २० टक्क्यांपेक्षा कमी ओल पाहिजे यावर एवढा जोर.

आपल्या चुलीला धुराडं लावायचा विचार पद्धतशीरपणे कुठं झाला, तर आपल्याच वर्ध्यात. १९३४ च्या शेवटी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा त्याचे सचिव. जमनालाल बजाजांनी त्यासाठी आपला बगीचा आणि इमारत दिली, तिचं नाव गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या आठवणीत मगनवाडी. तेलघाणी, कागद, मधमाश्या, धानकुटाई यांच्यासोबत तिथं सैपाकघरातल्या धुराचाही विचार झाला, आणि चाळीसच्या दशकात मगन चूल बनली. मातीचीच, पण आतून बोगदा. जाळ एका तोंडाला घालायचा, झळ आडवी जाऊन दुसऱ्या आणि तिसऱ्या भांड्याखालून फिरते आणि मग मागच्या पाइपातून वर. एका जाळावर वरण, भात, पाणी, आणि धूर घराबाहेर. पुढं पन्नासच्या दशकात हैदराबादला एस. पी. राजूंनी याच धर्तीची चूल केली. सत्तरच्या दशकात देवेंद्रकुमारांनी वर्ध्यातच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र उभं केलं, तिथंही मातीची घरं, कवेलू, चूल यावर काम चाललं. म्हणजे बिनधुराच्या चुलीचं माहेर शोधायचं तर ते आपल्या रेल्वे स्टेशनापासून फार दूर नाही, पण वर्धा जिल्ह्यातल्याच किती खेड्यात हे माहीत आहे देव जाणे.

मग १९८३ मध्ये केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. कारण आरोग्य कमी आणि जंगल जास्त, सरपणासाठी झाडं तुटतात तर जळतन वाचवणारी चूल द्या. वीस वर्षांत देशभरात साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसल्या असं सरकारी हिशोबात आहे, आणि २००२ मध्ये केंद्रानं हात काढून घेतला. महाराष्ट्रात कुंभार आणि गावातले शिकवून तयार केलेले लोक, त्यात बायाही, ह्या चुली बसवायचे, आणि मोबदला चुलीमागे. माझं म्हणणं सगळं ह्याच जागेवर येऊन अडते. चूल बसवल्याचे पैसे होते, बसवलेली चूल सहा महिन्यांनी पाहायचे, पाइप झाडायचे पैसे कुणाच्याच नावानं नव्हते. रजिस्टरला चूल चढली की काम संपलं.

पाइप सिमेंटचा नाहीतर अॅस्बेस्टॉस-सिमेंटचा, बहुतेक तीन-चार इंची, वर टोपी. आता साधा हिशोब करा. तीन इंची पाइपात चारही बाजूंनी अर्धा इंच काजळी बसली तर मधे दोन इंच उरतात. व्यास एक इंचानंच कमी झाला, पण वाट नऊ भागांतली चार भागच उरली, अर्ध्याहूनही कमी. आपल्याकडे जळते काय, तर पऱ्हाटी, तुराट्या, बाभळीच्या काट्या, पावसाळ्यात तर जे हाती येईल ते, अर्धं ओलं. पऱ्हाटी भडकन पेटते आणि भडकन विझते, एक बाई सारखी समोर बसून कोंबत राहते, त्यात मोठा जाळ पण आणि मोठा धूर पण. अशा जळतनानं पाइप लवकर भरतो. आपल्या चुलीत अमेरिकेसारखी धुराड्याची आग सहसा लागत नाही, पाइप छोटा आणि झळ गरम जाते म्हणून, आपल्याकडे होते ते साधं चोंदणं. पाइप चोंदला की धूर मागं फिरतो आणि पहिल्या तोंडातून घरात. बाई म्हणते, "ह्या चुलीपेक्षा माही जुनीच बरी होती", आणि तिचं चुकते कुठं? मग दुसऱ्या-तिसऱ्या तोंडावर झाकण नाही, बोगद्यात राख साचली, कोणी मोठ्या गंजासाठी तोंड फोडून मोठं केलं, दोन वर्षांत बोगदा बुजवून वर साधी चूल, आणि पाइप छपरातून नुसता उभा. अजूनही जुन्या वस्त्यांमधून असे पाइप दिसतात, खाली चूलच नाही.

हे माझ्या मनचं नाही. ओडिशात रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी धुराड्याच्या मातीच्या चुली वाटून चार वर्षं पाठपुरावा केला, २०१६ मध्ये त्यांचा पेपर छापून आला. पहिल्या वर्षी धूर छातीत जाणं कमी झालं, नंतर फरक पुसला गेला. कारण लोकांनी चूल नेमानं वापरली नाही आणि डागडुजी केली नाही. शहरातल्या माणसानं हे वाचलं की तो म्हणतो लोकच आळशी. पण लंडनच्या साहेबानं तरी स्वतः कधी ब्रश हातात घेतला होता? त्याला धुराडेवाला मिळत होता, आणि जर्मनाच्या तर दारात सरकारच पाठवत होतं. इथं मात्र सगळं काम त्याच बाईवर, जी निंदणाला पण जाते, पाणी पण आणते, आणि पाइपाची टोपी काढायला तिनं लुगडं खोचून छपरावर चढायचं!

त्यात अजून एक गोष्ट झाली, जिच्याकडे फार कोणाचं लक्ष गेलं नाही. कवेलू गेले. आधी टिनाचे पत्रे आले, मग घरकुलाचा स्लॅब. दोन्हीतून धूर झिरपत नाही. कवेलू फेरणारा माणूस गेला, त्याच्यासोबत वर्षातून एकदा वरून पाहणारे डोळे गेले. पक्कं घर झालं पण धुरासाठी ते जुन्यापेक्षा वाईट झालं, स्लॅबखाली चूल पेटवली की काळा थर छतावर आणि छातीत. म्हणून बऱ्याच घरी चूल अंगणात नाहीतर मागच्या टिनाच्या आडोशाला गेली, जे वाईट नाही, पण पाऊस आला की परत आत.

२००९ नंतर सरकारचं लक्ष उचलून नेता येणाऱ्या, बिनपाइपाच्या शेगड्यांवर गेलं, म्हणजे धुराड्याचा विषयच बाजूला पडला. १ मे २०१६ ला गरीब घरांना गॅस जोडणी देणारी उज्ज्वला योजना आली. आपल्याकडे मेळघाट-ताडोबाच्या कडेच्या गावांना वनखात्याच्या जन-वन योजनेतून पण गॅस मिळाला, कारण चंद्रपूर भागात सरपण आणायला गेलेल्या बायांवर वाघाचे हल्ले हा रोजचा घोर आहे. सिलेंडर आलं, चूल गेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात मुख्य सैपाक स्वच्छ इंधनावर करणारी घरं ४३ टक्क्यांच्या आसपास होती. आणि ज्यांच्याकडे गॅस आहे त्यांचंही आंघोळीचं पाणी, ढोरांचं आंबोण, लग्नातला सैपाक, रोडगे, हे सगळं जाळावरच. पऱ्हाटी वावरातून फुकट निघते, सिलेंडरला पैसे लागतात, यात समजावून सांगण्यासारखं काही नाही.

म्हणून ज्यांच्या घरी पाइपाची चूल अजून चालू आहे त्यांच्यासाठी झाडणाराचं काम आजही आहेच, आणि ते फार अवघड पण नाही. चूल पूर्ण थंड झाल्यावर टोपी काढायची, दोरीला चिंध्यांचा बोळा आणि खाली वजन बांधून वरून सोडायचं आणि खालीवर ओढायचं, खाली बोगद्यातली राख-काजळी काढायची, पाइप जिथं छपरातून जातो तिथं लाकूड काळं पडलं का ते पाहायचं, टोपीत पाखरानं घर केलं का पाहायचं. तोंडाला ओलं फडकं बांधलेलं बरं. पाइप जुना अॅस्बेस्टॉसचा असेल तर तारेच्या ब्रशनं कोरडा खरडायचा नाही, करवतीनं कापायचा नाही, ती भुकटी काजळीपेक्षा वाईट, असा पाइप तडकला असेल तर अख्खा उतरवून दुसरा लावायचा. हे काम गावात कोण करू शकते तर कुंभार, गवंडी, नाहीतर पूर्वी कवेलू फेरणाऱ्यांपैकी कोणी, अट एकच, त्याला चुलीमागे नाही तर झाडण्यामागे पैसे मिळाले पाहिजेत.