झाकण मिटले तरी लॅपटॉप जागाच

लॅपटॉपचे झाकण मिटले की तो झोपला, हा समज इतका पक्का असतो की बॅगेतून काढलेला लॅपटॉप चटका बसण्याइतका तापलेला निघाला, तर आपण व्हायरसला नाहीतर बॅटरीला दोष देऊन मोकळे होतो. वास्तविक झाकण स्वतः काहीच बंद करत नाही. बहुतेक लॅपटॉपमध्ये पडद्याच्या चौकटीत एक छोटे लोहचुंबक आणि कळफलकाच्या बाजूला एक हॉल संवेदक असतो. चुंबक जवळ आले, एवढीच वर्दी तो देतो. तळहात टेकतो त्या पट्टीच्या कडेने एखादे चुंबक फिरवून पाहिले, तर योग्य जागी येताच झाकण उघडे असतानाही पडदा काळा होतो. वर्दी मिळाल्यावर पुढे काय करायचे, हे मात्र ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते.

इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी 1996 मध्ये 'एसीपीआय' नावाचे वीज-व्यवस्थापनाचे मानक आणले आणि त्यात झोपेच्या पायऱ्या ठरवून दिल्या. त्यांतील एस-3 म्हणजे आपल्या ओळखीची 'स्लीप'. तीत प्रोसेसरचा वीजपुरवठा तुटतो, पंखा थांबतो आणि रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती स्मृती, तेवढी जिवंत राहते. रॅममधला प्रत्येक बिट एका अतिसूक्ष्म धारित्रावरील (कपॅसिटरवरील) विद्युतभाराच्या रूपात असतो आणि तो भार सतत गळत असतो. म्हणून सर्वसाधारण तापमानाला दर 64 मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ एकदा वाचून पुन्हा लिहावी लागते. एरवी हे काम मेमरी कंट्रोलर करवून घेतो. झोपेत तो नसतो, म्हणून रॅमची चिप स्वतःच्याच गणकाच्या आधारे एकेक ओळ ताजी करत राहते. एवढ्या कामाला लागणारी वीज इतकी थोडी असते की चांगली बॅटरी ते कित्येक दिवस चालवू शकते.

अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये ही एस-3 झोप उरलेलीच नाही. तिच्या जागी 'मॉडर्न स्टँडबाय' आले, जेणेकरून लॅपटॉप मोबाइलप्रमाणे क्षणात जागा व्हावा आणि मिटलेला असतानाही ईमेल येत राहावेत. यात प्रोसेसरचा पुरवठा तोडला जात नाही. पडदा बंद होतो, प्रोग्राम थोपवले जातात आणि वाय-फाय, एसएसडी, ध्वनी, यूएसबी या प्रत्येक घटकाने आपापल्या अल्पवीज अवस्थेत जावे, अशी अपेक्षा असते. सगळे शांत झाले तरच प्रोसेसरची चिप आपल्या सर्वांत खोल विश्रांतीत उतरते. एखाद्या ड्रायव्हरने, म्हणजे घटक चालवणाऱ्या प्रोग्रामने, आपला घटक जागा ठेवला की इतरांच्या झोपेचा काही उपयोग होत नाही आणि बंद बॅगेत उष्णता साचत जाते.

त्यामुळे 'विंडोज पुन्हा टाका' हा सरसकट सल्ला आणि बॅटरी वाचवण्याची हमी देणारी फुकट ॲप्स यांच्या नादी लागण्यापूर्वी, कोण जागे आहे हे खुद्द विंडोजलाच विचारावे. प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /ए' (powercfg /a) ही आज्ञा रोमन अक्षरांत दिली, तर आपल्या यंत्रात झोपेचे कोणते प्रकार आहेत ते कळते. 'ए'च्या जागी 'रिक्वेस्ट्स' लिहिल्यास झोप अडवून धरणारे प्रोग्राम व ड्रायव्हर दिसतात. 'लास्टवेक' लिहिल्यास शेवटची जाग कशामुळे आली ते समजते. जुन्या एस-3 यंत्रात हे कारण पुष्कळदा माउस, नेटवर्क कार्ड किंवा अपडेटसाठी लावलेला टायमर असे साधेच निघते. मॉडर्न स्टँडबायच्या यंत्रात 'स्लीपस्टडी' हा अहवाल अधिक उपयोगी, कारण प्रत्येक झोपेतला किती टक्के वेळ खऱ्या खोल विश्रांतीत गेला आणि तिच्या आड कोणता घटक आला, हे त्यात दिलेले असते. दोषी सापडला की त्याचा ड्रायव्हर आणि बायोस (यंत्र सुरू करणारी मूळ आज्ञावली) लॅपटॉपच्या उत्पादकाकडूनच अद्ययावत करावेत. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, फेरफार करून एस-3 परत आणण्याच्या युक्त्याही सुचवल्या जातात, पण फर्मवेअरमध्ये (बायोसमध्येच) एस-3 नसेल तर त्यामुळे आहे ती झोपही जाते.

हायबरनेशनची गोष्ट वेगळी. त्यात रॅममधला मजकूर डिस्कवरील 'हायबरफिल' या फाइलमध्ये उतरवून वीजपुरवठा जवळजवळ संपूर्ण बंद केला जातो. ही फाइल काही गिगाबाइटची असल्याने जागा मोकळी करण्याच्या नादात कुणीतरी हायबरनेशनच बंद केलेले असते. 'पॉवरसीएफजी /एच ऑन' या आज्ञेने ते परत सुरू होते. लिनक्सवर रॅम मावेल एवढी स्वॅप जागा (डिस्कवर राखून ठेवलेला भाग) लागते, शिवाय सिक्युअर बूट (फक्त खात्रीची प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर लिनक्सच्या अनेक वितरणांत (आवृत्त्यांत) कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, हायबरनेशनला साफ नकार देतो, कारण डिस्कवर उतरवलेल्या प्रतिमेत मधल्या काळात कुणी ढवळाढवळ केली नाही याची खात्री त्याला देता येत नाही. विंडोजवर मात्र झाकण मिटल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट व्हावे, अशी निवड पॉवर ऑप्शन्समध्ये करता येते. एसएसडी असलेला लॅपटॉप त्यातून सहसा काही सेकंदांत परत येतो आणि बॅगेत तापायला मागे काही चालू राहिलेले नसते.