सभाधीटपणा येतो कुठून?

1 ऑगस्टला टिळक पुण्यतिथीच्या निमित्ताने शाळाशाळांत भाषणे होतात. 'अध्यक्ष महाशय, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रमैत्रिणींनो' एवढे खणखणीत म्हणून झाले की अनेक मुलांची पाठांतराची गाडी अडते. मुलाला वर्षातून एकदाच उभे करायचे आणि तेही थेट परीक्षकांसमोर, ही पद्धत मला पटत नाही. आपल्याकडची जुनी रीत याहून पुष्कळ शहाणी होती.

वारकरी कीर्तनच पाहा. कीर्तनकार एकटा कधीच नसतो. मागे टाळकरी, बाजूला मृदंग. अभंगाचे चरण टाळकऱ्यांनी उचलून धरले की निरूपण करणाऱ्याला दम घ्यायला, पुढचे प्रमाण, म्हणजे आधाराचे संतवचन, आठवायला उसंत मिळते. नवशिक्याही आधी वर्षानुवर्षे टाळ धरून मागेच उभा असतो. म्हणजे पुढे येण्याआधीच समोरच्या गर्दीची त्याच्या नजरेला सवय झालेली असते. 1917 साली विष्णुबुवा जोगांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हा या शिक्षणाला शाळेचे रूप मिळाले.

शहरी, इंग्रजी शिकलेल्या पिढीने वेगळी वाट धरली. मुंबईत 1848 मध्ये एल्फिन्स्टन या शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. तिच्या मराठी आणि गुजराती शाखाही निघाल्या. तिथे सभासद निबंध लिहून आणत, वाचून दाखवत आणि मग त्यावर चर्चा होई. हातात कागद आणि समोर ओळखीचे चेहरे असल्यावर पहिले पाऊल टाकणे सोपे जाते. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. ती चालवणाऱ्या संस्थेचे नाव आजही वक्तृत्वोत्तेजक सभा असे आहे.

त्याच घरातले दुसरे उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते. बाईने चारचौघांत बोलणेच जेव्हा आगाऊपणा मानला जाई, त्या काळात न्यायमूर्तींच्या पत्नी रमाबाई रानडे नाशिकच्या हायस्कुलातील समारंभात पहिल्यांदा जाहीरपणे बोलल्या. ते भाषण न्यायमूर्तींनी लिहून दिले होते. पुढे 1904 साली मुंबईत भारत महिला परिषद भरली, तेव्हा अध्यक्षस्थानी रमाबाईच होत्या. दुसऱ्याने लिहिलेल्या कागदापासून सुरुवात केली म्हणून त्यांचे काही उणे झाले नाही.

भीतीचा सर्वात प्रांजळ वृत्तान्त मात्र गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेवला आहे. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात ते पहिल्या खटल्यासाठी उभे राहिले. डोके गरगरू लागले, साक्षीदाराला विचारायला एक प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि 30 रुपये फी परत करून मोकळे झाले. 1893 साली प्रिटोरियात तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांपुढे व्यापारातील सचोटीवर बोलताना मात्र त्यांची जीभ चालली. विषय जिव्हाळ्याचा होता, तयारीही केली होती. मग तशा बैठका बऱ्यापैकी नियमितपणे होत राहिल्या.

तरीही 1896 मध्ये मुंबईच्या मोठ्या सभेत आवाज पुन्हा कापू लागला. अध्यक्ष फिरोजशहा मेहता 'जरा मोठ्याने' म्हणत गेले, तसा तो अधिकच खाली गेला. मग केशवराव देशपांड्यांनी भाषणाचा कागद हाती घेतला. पण श्रोत्यांनी दिनशा वाच्छांच्या नावाचा घोष केला, म्हणून अखेर वाच्छांनी भाषण वाचले. आणि सभा जिंकली! हा प्रसंग मी नवख्या वक्त्यांना आवर्जून सांगतो. छोट्या बैठकीत गेलेली भीती मोठ्या सभागृहात परत येऊ शकते. त्यावरून आपली आधीची मेहनत वाया गेली असे समजू नये.

विसाव्या शतकात मानसशास्त्राने या अनुभवाला आधार दिला. भीती वाटणाऱ्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरे जायचे, ही जोसेफ वोल्पे यांची उपचारपद्धती 1958 मध्ये ग्रंथरूपाने पुढे आली. त्याआधीच, 1924 साली राल्फ स्मेडली यांनी कॅलिफोर्नियातील सांता ॲना येथे टोस्टमास्टर्सचा, म्हणजे भाषणाचा सराव करणाऱ्यांचा, पहिला क्लब सुरू केला होता. आज पुण्यामुंबईतही असे क्लब आहेत. तिथे भाषणाला वेळेची मर्यादा असते, एक सभासद वक्त्याचे 'अं… अं…' मोजतो आणि दुसरा उठून काय चांगले झाले, काय सुधारता येईल ते सांगतो. चुकलेल्यालाही पुढच्या बैठकीत पुन्हा उभे राहता येते.