चेन झिजते ती आतून

वर्षभर जोरात वापरलेली रोड बाइकची (वेगवान गिअरच्या सायकलची) चेन काढून नव्या चेनशेजारी टांगली, तर एक गोष्ट लगेच दिसते. दोन्हींत कड्या तितक्याच असतात, तरी जुनी चेन सेंटिमीटरभर खाली लोंबते. पेडल मारून मारून लोखंड ताणलं गेलं, असं बहुतेकांना वाटतं. पण त्या चेनची एकही पट्टी ताणलेली नसते. प्रत्येक पिनेभोवती केसाएवढी झीज झालेली असते आणि शंभराहून जास्त सांध्यांतल्या झिजेची बेरीज आपल्याला लांबी म्हणून दिसते. ही झीज जिथे होते तिथे फडकं पोहोचत नाही, ब्रशही पोहोचत नाही. सायकल साफ कशी करायची, हा प्रश्न इथूनच विचारायला हवा.

चेनची रचना साधी आहे. हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस अभियंत्याने 1880 साली मँचेस्टरमध्ये बुश रोलर चेनचं पेटंट घेतलं. आजची सायकलची चेन त्याच घराण्यातली. बाहेरच्या दोन पट्ट्या, आतल्या दोन पट्ट्या, त्यांना जोडणारी पिन आणि भोवती फिरणारा रोलर. एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचं अंतर बरोबर अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर.

आता जरा हिशेब करू. पुढे 50 दातांचं चक्र आहे आणि तुम्ही मिनिटाला 90 वेळा पेडल फिरवता, तर मिनिटाला 4,500 कड्या त्या चक्रावरून जातात. चेनमध्ये 110 कड्या धरल्या, तर तासाभरात चेनच्या साधारण 2,450 फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत प्रत्येक सांधा आठ वेळा हलतो: पुढच्या चक्रावर चढताना आणि उतरताना, मागच्या चक्रावर तसंच, आणि डिरेल्युअरच्या (मागे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या) दोन छोट्या चाकांवरही तसंच. म्हणजे तासाला जवळपास 20 हजार हालचाली. दर फेरीतल्या आठांपैकी दोनच खऱ्या ताणाखाली होतात, कारण ओढ फक्त चेनच्या वरच्या बाजूला असते. पण ती ओढ लहान नसते. सिंहगडाच्या चढावर 34 दातांच्या छोट्या चक्रावर, मिनिटाला 60 वेळा पेडल फिरवत 200 वॉट लावले, तर चेनवर सरासरी 47 किलो वजन टांगल्याइतका ताण येतो. पेडल खाली दाबण्याच्या क्षणी तो याहून बराच वाढतो. आणि हा सगळा भार पिनेच्या काही चौरस मिलिमीटर जागेवर घासतो.

दोन स्वच्छ, तेल लावलेले पृष्ठभाग इतका मारा बराच काळ सहन करतात. मधे धूळ शिरली की चित्र बदलतं. महाराष्ट्राच्या बहुतांश भागात रस्त्याची खडी बेसॉल्टची, आपल्या काळ्या पाषाणाची असते. त्यातल्या फेल्डस्पार खनिजाचं काठिण्य मोहस् मापनीवर 6 ते 6.5 भरतं, गारगोटीचं 7. साधं पोलाद 4-5च्या आसपास असतं. पिनेचा पृष्ठभाग खास कडक केलेला असतो, म्हणून ती टिकाव धरते, पण कायमची नाही. तेलात असा कण मिसळला की जे तयार होतं, ते गॅरेजमध्ये इंजिनाचे व्हॉल्व्ह घासून बसवायला वापरतात त्या ग्राइंडिंग पेस्टसारखं असतं: धातू झिजवण्यासाठीच योग्य. काळीकुट्ट, चिकट, ओथंबलेली चेन बघून ‘तेल भरपूर आहे’ असं समाधान मानणं म्हणूनच महागात पडतं.

तेल नेमकं काय करतं, याचं एक अनपेक्षित उत्तर 1999 साली मिळालं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले अभियंते जेम्स स्पायसर यांनी सायकलची चेन यंत्रावर चालवून तिची कार्यक्षमता मोजली आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्याने ती कुठे तापते हेही पाहिलं. सर्वात चांगल्या स्थितीत पायांनी दिलेल्या ऊर्जेपैकी 98.6 टक्के ऊर्जा मागच्या चाकापर्यंत पोहोचत होती. माणसाने बनवलेल्या यंत्रांत हा आकडा फार मोठा आहे. मोठी चक्रं लहान चक्रांपेक्षा सरस ठरली, आणि ते पटण्यासारखं आहे: 50 दातांवर सांधा 7.2 अंश वळतो, 11 दातांवर जवळजवळ 33 अंश. वेगवेगळी वंगणं लावूनही मात्र फारसा फरक दिसला नाही. स्पायसर यांचं म्हणणं असं की तेलाचं काम मुख्यतः जागा अडवून धरण्याचं, म्हणजे धुळीला आत शिरायला वाव राहत नाही. नंतरच्या अधिक बारीक मोजमापांत वंगणावंगणांत काही वॉटचा फरक दिसला आहे. पण प्रयोगशाळेत धूळ नसते, आणि आपल्या रस्त्यावर ती कायम असते, म्हणून मला हा मुद्दा आजही मोलाचा वाटतो.

यातून पद्धत आपोआप ठरते. तेल हवं ते आत, पिनेभोवती. बाहेरच्या पट्ट्यांवर गंज धरू नये इतका पुसट थर पुरे. त्याहून जास्त तेल फक्त धूळ गोळा करतं. प्रत्येक रोलरवर एक थेंब सोडावा, पेडल उलटं फिरवून तेल आत मुरू द्यावं, थोडं थांबावं आणि मग जुन्या सुती कापडाने चेन कोरडी वाटेपर्यंत पुसावी. हा शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात, आणि सर्वात जास्त फायदा त्यातच आहे. जुन्या काळ्या तेलावर नवं तेल ओतलं, तर बाहेरची घाण पातळ होऊन सांध्यात उतरते. म्हणून आधी पुसणं, मग तेल, आणि शेवटी पुन्हा पुसणं.

खोलवर सफाई करायची तर मास्टर लिंक (चेनची उघडता येणारी जोडकडी) उघडून चेन बाटलीत घालावी आणि डिझेल किंवा डीग्रीजर (तेल काढणारं द्रावण) टाकून खळखळ हलवावी. तेल पाण्यात विरघळत नाही, पण डिझेलमध्ये सहज विरघळतं, आणि धरून ठेवणारं तेल गेलं की कण सुटून तळाशी बसतात. द्रव स्वच्छ दिसेपर्यंत दोन-तीनदा बदलावा. मग साबणाचं पाणी, साधं पाणी, आणि पूर्ण वाळवणं. आत डिझेल शिल्लक राहिलं तर नवं तेल टिकत नाही. वापरलेलं डिझेल गटारात ओतू नका. बाटलीत ठेवून दिलं की गाळ खाली बसतो आणि वरचं पुन्हा वापरता येतं.

पॅराफिन मेणाचा पर्याय गेल्या काही वर्षांत आपल्याकडेही रुजतो आहे. मेण उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवायचं, कधीही थेट आचेवर नाही, आणि धुतलेली चेन त्यात बुडवायची. पातळ मेण सांध्यात शिरतं आणि थंड होऊन घट्ट होतं. कोरड्या पृष्ठभागाला धूळ चिकटत नाही. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत मेणासारखं दुसरं काही नाही, असं माझं मत आहे. ताम्हिणीच्या पावसात मात्र ते लवकर धुऊन जातं आणि उघड्या पोलादावर रात्रीत गंज चढतो. पावसाळ्यात घट्ट, न वाळणारं ओलं तेल बरं, मग पुसण्याचं काम वाढलं तरी चालेल.

चेन कधी बदलायची, हे फूटपट्टी सांगते. 24 सांध्यांची लांबी नव्या चेनमध्ये 304.8 मिलिमीटर, म्हणजे 12 इंच असते. ती दीड मिलिमीटरने वाढली की झीज अर्ध्या टक्क्यावर आली, चेन बदलावी. तीन मिलिमीटरपर्यंत थांबलात तर कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा संचही गेला समजा. लांबलेली चेन दातांच्या टोकांकडे सरकून बसते, भार थोड्याच दातांवर येतो आणि ते आकड्यासारखे वाकडे झिजतात. मग नवी चेन त्यांवर बसत नाही, जोर लावताच उडी मारते. कॅसेटची किंमत चेनच्या कितीतरी पट असते.

बाकी सायकल धुणं सोपं आहे, एक पथ्य सोडून. गाड्या धुण्याच्या केंद्रावरचा जोराचा फवारा हब (चाकाचा मधला भाग), हेडसेट (हँडल फिरतं तो सांधा) आणि बॉटम ब्रॅकेटवर (पेडलचा आस फिरतो तिथे) मारू नये. तिथली रबरी सील पावसाचे शिंतोडे अडवतात, दाबाचं पाणी नाही. पाणी आत गेलं की ग्रीस निकामी होतं आणि छर्ऱ्यांना खड्डे पडतात. बादली आणि स्पंज पुरेसे आहेत. डिस्क ब्रेक असतील तर चेनवर तेलाचा फवारा नको. पॅड सच्छिद्र असतात, तेल शोषून घेतात आणि ब्रेक ओरडू लागतात, कमी लागतात. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी.

ज्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, तो शत्रू म्हणजे घाम. कोकण किनाऱ्यावरची खारी हवाही तेच करते. अॅल्युमिनिअमचा सीटपोस्ट, म्हणजे सीट धरणारी नळी, स्टीलच्या किंवा कार्बनच्या फ्रेममध्ये असते, खारं पाणी मधे शिरतं आणि तिथे चक्क एक विद्युत घट तयार होतो. त्यात झिजतं ते अॅल्युमिनिअम, आणि त्याचं ऑक्साइड मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतं, त्यामुळे नळी आत पाचरीसारखी आवळते. काही वेळा ती कापूनच काढावी लागते. पावसाळ्याआधी आणि नंतर पोस्ट बाहेर काढून पुसावा. धातूच्या फ्रेममध्ये ग्रीस लावावं, कार्बनला खास बारीक कणांची पेस्ट. पोस्ट धरणारा स्क्रू त्या भागावर छापलेल्या आकड्याइतक्याच जोराने आवळावा. 5 न्यूटन-मीटर म्हणजे 10 सेंटिमीटरच्या चावीच्या टोकावर जेमतेम 5 किलोंचा जोर.

टायरकडे मात्र प्रत्येक राइडनंतर बघावं, पावसात तर नक्कीच. ओल्या रबरात काच सहज घुसते, कारण पाणी तिथे वंगणाचं काम करतं. खडीचा कपचा किंवा काचेचा तुकडा बहुतेकदा लगेच ट्यूबपर्यंत पोहोचत नाही. चाकाच्या फेऱ्यांनी हळूहळू आत ढकलला जातो आणि पुढच्या राइडला पंक्चर होतं. हवा थोडी कमी करून, उजेडात चाक सावकाश फिरवून, सुईने असे तुकडे टोकरून काढावेत.