घरगुती रेकॉर्डिंग स्टुडिओ : बांधणी आणि अकूस्टिक ट्रीटमेंट (ठाणे व नवी मुंबई)

घरगुती रेकॉर्डिंग स्टुडिओ : गायन, वादन, निवेदन, डबिंग यांच्या ध्वनिमुद्रणासाठी व मिश्रणासाठी राहत्या घरात तयार केलेली खोली. ठाणे व नवी मुंबईत ती बहुधा दोन किंवा तीन खोल्यांच्या फ्लॅटमधली लहान बेडरूम असते. मुंबईतील बरेचसे व्यावसायिक स्टुडिओ अंधेरी–गोरेगाव पट्ट्यात आहेत. घोडबंदर रोड किंवा खारघरहून एका गाण्याच्या डबसाठी तिकडे जायचे तर दिवस मोडतो. त्यामुळे गायक, संगीत संयोजक, डबिंग कलाकार, पॉडकास्ट करणारे आणि ऑडिओबुक वाचणारे घरीच सोय करू लागले. लॅपटॉप, दोन इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारे यंत्र), एक कंडेन्सर माइक (बारीक आवाज टिपणारा संवेदनशील माइक), हेडफोन आणि मॉनिटर स्पीकरांची (मिश्रण तपासण्यासाठीच्या स्पीकरांची) जोडी एवढ्यावर काम सुरू होते. मात्र ध्वनिमुद्रणाचा दर्जा यंत्रांपेक्षा खोलीवर जास्त अवलंबून असतो. महागडा माइक घुमणाऱ्या खोलीत ठेवला, तर तो ती घुमणच अधिक बारकाईने टिपतो.

खोली तयार करताना दोन निराळी कामे असतात. बाहेरचा आवाज आत आणि आतला बाहेर जाऊ न देणे हे ध्वनिरोधन. आत निर्माण झालेला आवाज भिंतींवर आपटून विस्कटू न देणे हे ध्वनिशोषण किंवा ट्रीटमेंट. पहिल्याला वजन आणि फटी बुजवणे लागते, दुसऱ्याला जाड, सच्छिद्र, हवा आरपार जाऊ देणारे साहित्य. भिंतीला फोम चिकटवल्याने शेजाऱ्यांचा मिक्सर ऐकू यायचा थांबत नाही. अंड्यांचे ट्रे तर दोन्ही कामांना निरुपयोगी आहेत. या दोन कामांची गल्लत झाल्यामुळे घरगुती स्टुडिओंत सर्वाधिक पैसा वाया जातो.

ध्वनिरोधन : भिंतीचे दर चौरस मीटर वजन दुप्पट झाले की तिचा रोध साधारण ५ ते ६ डेसिबलने वाढतो. सिडकोच्या जुन्या इमारतींतील विटांच्या भिंती या दृष्टीने चांगल्या. नव्या टॉवरांमध्ये आतल्या भिंती पुष्कळदा हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या एएसी ब्लॉकच्या असतात. १०० मिमी जाडीच्या अशा भिंतीचे वजन अर्ध्या विटेच्या भिंतीच्या एक तृतीयांशाच्याही आत भरते. अॅल्युमिनियम साच्यात ओतलेल्या आरसीसी भिंती बोलण्याचा आवाज बऱ्यापैकी अडवतात, पण सहा मजले वर चाललेले ड्रिलिंग सगळ्या सांगाड्यातून खाली आणतात. त्या भिंती भार पेलणाऱ्या असतात. त्यांत तोडफोड करता येत नाही.

खोलीचे खरे कच्चे दुवे दार आणि खिडकी. ७ फूट बाय ३ फूट दाराखाली अर्ध्या इंचाची फट असेल, तर ती दाराच्या क्षेत्रफळाच्या ०.६ टक्के भरते. एवढ्याशा फटीमुळे दार कितीही जड केले तरी त्याचा रोध सुमारे २२ डेसिबलच्या पुढे जात नाही. म्हणून पोकळ फ्लश डोअरच्या जागी भरीव दार, चौकटीला चारी बाजूंनी रबरी गॅस्केट आणि खाली आपोआप उतरणारी पट्टी हा खर्च सर्वांत आधी करावा. खिडकीचेही तेच. आपल्याकडची दोन किंवा तीन ट्रॅकची सरकती अॅल्युमिनियम खिडकी कधीच घट्ट बसत नाही. तिच्या आतल्या बाजूला किमान चार इंच अंतर सोडून, निराळ्या जाडीच्या लॅमिनेटेड काचेची, गॅस्केट असलेली दुसरी झडप बसवली की घोडबंदर रोडवरच्या ट्रकचा किंवा सायन–पनवेल महामार्गाचा आवाज लक्षात येण्याइतका कमी होतो. एसीच्या तांब्याच्या नळीसाठी पाडलेले भोक हमखास विसरले जाते. तेही सीलंटने बुजवावे. खिडकीवर पत्र्याची शेड असेल, तर तिच्यावर आपटणाऱ्या पावसामुळे जुलैत रेकॉर्डिंगच थांबते. पत्र्याच्या खालून चिकट डॅम्पिंग शीट लावल्यास हा ताडताड आवाज बराच बसतो.

खोलीच्या आत दुसरी खोली उभी करणे आणि तरंगती (मूळ जमिनीपासून सुटी ठेवलेली) जमीन ओतणे ही व्यावसायिक पद्धत फ्लॅटमध्ये सहसा झेपत नाही. इमारतींवरील भारांच्या भारतीय मानकाच्या, म्हणजे आयएस ८७५च्या, दुसऱ्या भागानुसार निवासी खोल्यांसाठी धरलेला वापराचा भार दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे जेमतेम २०० किलो असतो. केवळ तीन इंची काँक्रीटची तरंगती लादीच १८० किलोच्या आसपास जाते. स्ट्रक्चरल इंजिनियरच्या लेखी सल्ल्याशिवाय आणि सोसायटीच्या परवानगीशिवाय असे काम करू नये. ढोल, ड्रमसेट किंवा मोठा अॅम्प्लिफायर रेकॉर्ड करायचा असेल, तर ठाण्याच्या वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईच्या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातील तळमजल्याचा गाळा फ्लॅटपेक्षा शहाणपणाचा. वाशी, नेरूळ, कोपरखैरणे येथील रो-हाउसचा तळमजला हा मधला मार्ग आहे. तिथे खाली कोणी राहत नाही, पण बाजूची भिंत सामाईक असते.

ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. एक मीटरवरून गाणारा मोकळा आवाज सहज ८० डेसिबलपर्यंत जातो. रात्रीची शांतता रेकॉर्डिंगला सोयीची वाटली, तरी शेजाऱ्यांच्या झोपेचा विचार करता त्या वेळी निवेदनासारखी हलक्या आवाजाची कामेच घ्यावीत. गणेशोत्सव, नवरात्र आणि लग्नसराईत बाहेर रात्रीच गोंगाट असतो, म्हणून उलट वेळापत्रक पाळून ही कामे दिवसा घ्यावी लागतात.

खोलीचा आकार आणि खर्ज : समोरासमोरच्या दोन भिंतींमधले अंतर ज्या ध्वनीच्या अर्ध्या तरंगलांबीइतके असते, तो ध्वनी खोलीत फुगतो. हवेतील ध्वनीचा वेग २५ अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४६ मीटर. त्यामुळे १२ × १० × ९ फुटांच्या खोलीत ४७, ५७ आणि ६३ हर्ट्झ आणि त्यांच्या पटींतील स्वर एका जागी गडगडतात, तर दुसऱ्या जागी गायब होतात. खोली १० × १० फूट असेल, तर दोन अनुनाद नेमके ५७ हर्ट्झवर एकत्र येतात आणि डग्ग्याची घिस्स प्रत्येक ठिकाणी निराळी ऐकू येते. घरात निवड करण्याची मुभा असेल, तर चौरस खोली टाळून लांबट खोली घ्यावी.

निनादकाल, म्हणजे आवाज ६० डेसिबलने ओसरायला लागणारा वेळ, मोजण्याचे सूत्र अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी दिले. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातील घुमणारे व्याख्यानगृह सुधारण्याचे काम त्यांच्याकडे १८९५ मध्ये आले होते. खुर्च्यांच्या गाद्या आत-बाहेर नेऊन त्यांनी रात्री-रात्री मोजमापे घेतली. सूत्र असे : ०.१६१ गुणिले खोलीचे घनफळ, भागिले एकूण शोषण. वरील खोलीचे घनफळ सुमारे ३०.६ घनमीटर आणि पृष्ठफळ ५९ चौरस मीटर. प्लास्टर, व्हिट्रिफाइड टाइल आणि काच मिळून सरासरी शोषण ५ टक्के धरले, तर रिकाम्या खोलीचा निनादकाल १.६ ते १.७ सेकंद येतो. तो ०.३ सेकंदांवर आणायला साडेतेरा चौरस मीटर पूर्ण शोषक पृष्ठ वाढवावे लागते. म्हणजे ४ × २ फुटांची सुमारे १८ शोषक पॅनेल (चौकटीत बसवलेले ध्वनिशोषक साहित्य) झाली. गादी, सोफा, कपड्यांचे उघडे कपाट आणि माणसे यांतला काही वाटा उचलतात, म्हणून व्यवहारात दहा-बारा पॅनेलांत खोली कामाची होते. लहान खोलीत, विशेषतः खर्जात, हे सूत्र काटेकोर लागू पडत नाही. अंदाजासाठी ते पुरते.

पॅनेल : दर घनमीटर ४८ ते ६४ किलो घनतेचे रॉकवूल (दगडी तंतूंच्या लोकरीचे) स्लॅब एकावर एक ठेवून चार इंच जाडी करावी, प्लायच्या उघड्या चौकटीत बसवावे आणि वर कापड ताणून स्टेपल करावे. मांजरपाट किंवा खादी उत्तम. कापडाला तोंड लावून फुंकल्यावर हवा सहज आरपार गेली, तर आवाजही जाईल. रेक्झिन किंवा ऑइलपेंट दिलेले कापड वापरले की पॅनेल आवाज परतवू लागते. पॅनेलामागे दोन ते चार इंच मोकळी जागा सोडल्यास त्याच साहित्याचा प्रभाव खर्जाकडे अधिक खाली जातो. रॉकवूल कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच.

बाजारात सर्वत्र मिळणारा एक इंची पिरॅमिड फोम साधारण १००० हर्ट्झच्या वरचेच शोषतो. तानपुऱ्याची जवारी, ‘स’ आणि ‘श’ची धार तो खाऊन टाकतो आणि डग्ग्याची घुमण जशीच्या तशी ठेवतो. खोली कोंदट आणि तरीही ढबढबीत ऐकू येते. याहून गंभीर बाब म्हणजे साधा पॉलियुरेथेन फोम झपाट्याने पेटतो आणि त्याचा धूर प्राणघातक असतो. बंद खिडक्यांच्या, एकच दार असलेल्या, वायरींनी भरलेल्या खोलीच्या भिंती अशा फोमने मढवू नयेत. रॉकवूल जळत नाही.

सर्वांत मोलाची जागा खोलीचे कोपरे. सगळ्या खर्जाचा दाब तिथे साठतो. जमिनीपासून छतापर्यंत चारही उभ्या कोपऱ्यांत किमान दीड-दोन फुटांचे त्रिकोणी बेस ट्रॅप (खर्ज शोषणारे जाड भराव) भरावेत. ट्रीटमेंटसाठी पैसा मोजकाच असेल, तर तो आधी इथे घालावा. जुन्या घरांतील गाद्या-रजयांनी भरलेला उघडा माळा याच कामी येतो, त्याला दारे लावण्याची घाई करू नये.

मांडणी : स्पीकर आखूड भिंतीपाशी, लांबीच्या दिशेने तोंड करून ठेवावेत. ऐकणाऱ्याचे डोके समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांच्या आसपास, बारा फुटांच्या खोलीत साडेचार फुटांवर. दोन स्पीकर आणि डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा. स्पीकर भिंतीपासून तीन फूट पुढे आणल्यास भिंतीवरून परतलेला आवाज ९५ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला मारतो, म्हणून लहान खोलीत ते भिंतीजवळच बरे. बाजूच्या भिंतीवर कोणीतरी आरसा सरकवत न्यावा. बसल्या जागेवरून त्यात स्पीकर दिसला की तिथे पॅनेल लावावे. डोक्यावरच्या छतालाही हाच न्याय. पुढे रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि मापनाचा माइक घेऊन खोली मोजावी. कानाला पटलेल्या गोष्टीही मोजणीत वेगळ्या निघतात.

गायकाच्या पाठीमागे जाड पॅनेल असणे माइकच्या मागे असण्यापेक्षा महत्त्वाचे, कारण कार्डिऑइड (मुख्यतः समोरचे टिपणारा) माइक गायकाच्या दिशेने ऐकतो आणि स्वतःच्या पाठीमागचे कमी टिपतो. म्हणून माइकची पाठ खिडकीकडे करावी. पंखा बंद, एसीने खोली टेकच्या (एका सलग मुद्रणाच्या) आधी थंड करून तो बंद, तानपुरा हेडफोनमध्ये. बंद खोलीत हवा लवकर कोंदते. दर काही टेकनंतर दार उघडावे.

पावसाळा : खाडीकाठच्या या शहरांत जून ते सप्टेंबर आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. कंडेन्सर माइकच्या पडद्याला ओल लागली की चरचर येते, म्हणून माइक सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावेत. पश्चिमेच्या, पाणी झिरपणाऱ्या भिंतीला पॅनेल चिकटवून लावल्यास मागे बुरशी धरते. तिथे हवा खेळती ठेवून, आयएस ७१० मरीन प्लायच्या चौकटी वापराव्यात. तबल्याच्या पुड्या सैलावतात, हार्मोनियमचे सूर अडकतात, त्यामुळे आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांवर आणणारा डीह्युमिडिफायर हा या भागात स्टुडिओचाच भाग मानावा.

भाड्याच्या घरात पॅनेल भिंतीला न ठोकता लाकडी स्टँडवर उभी करावीत आणि बेस ट्रॅप एकावर एक रचलेल्या सुट्या चौकटींचे करावेत. अकरा महिन्यांचा करार संपल्यावर ती जशीच्या तशी नव्या घरात नेता येतात. मात्र नव्या खोलीची मापे वेगळी असल्याने मांडणी आणि मोजणी पहिल्यापासून करावी लागते.