पीएच.डी.ची जागा कोणाला आणि गाइड कोण?

विद्यापीठातल्या समतेची चर्चा बहुतेक वेळा पदवीच्या प्रवेशयादीपाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. पीएच.डी.चे गणित निराळे आहे. तिथे हजारो नावांची यादी लागत नाही. विभागात वर्षाला चार-सहा जागा निघतात, समिती मुलाखत घेते, आणि पुढची पाच-सहा वर्षे एका मार्गदर्शकाच्या सहीवर चालतात. प्रगती अहवालावर, अधिछात्रवृत्तीच्या (फेलोशिपच्या) कागदावर आणि प्रबंधावर तीच सही लागते. म्हणून इथे समतेचा प्रश्न दोन टोकांना उभा राहतो : संशोधक म्हणून आत कोण येते, आणि सही करण्याच्या जागेवर कोण बसते. पहिल्या टोकाचा इतिहास बऱ्यापैकी माहीत असतो. दुसऱ्याचा फारसा सांगितला जात नाही, आणि आजची कोंडी तिथेच आहे.

सुरुवात पैशापासून झाली. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ अनेक दशके परीक्षा घेणारी संस्था होते. शिकवणे कॉलेजांकडे होते. अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राचे अध्यापन विद्यापीठाने स्वतः सुरू केले ते १९१९ मध्ये. तोवर वरच्या दर्जाचे संशोधन करायचे तर परदेशी जावे लागे, आणि त्यासाठी दरबारी मदत किंवा घरची ऐपत हवी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ मध्ये बडोदा संस्थानाने दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. कोलंबिया विद्यापीठातून एम.ए. करून ते १९१६ मध्ये लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपताच १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातली बचत, मित्राकडचे कर्ज आणि शाहू महाराजांची मदत एवढे जमल्यावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. मुदत आणि पैसा यांचा मेळ न बसणे ही संशोधकाची अडचण तेव्हापासूनची आहे.

पैसा नसला की वाट बंद होते. पण पैसा आणि गुण दोन्ही असतानाही ती बंद होऊ शकते, हे कमला भागवत यांच्या बाबतीत दिसले. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला अव्वल आलेल्या कमलाबाईंनी १९३३ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी तो केवळ बाई म्हणून नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी न मानण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. वर्षभराच्या कामानंतर तो पक्का झाला, आणि पुढे तिथे मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३९ मध्ये केंब्रिजहून पीएच.डी. घेतलेल्या याच पुढच्या कमला सोहोनी. त्या काळी नाही म्हणणारा आणि नंतर हो म्हणणारा माणूस एकच होता. मधे कोणताही नियम नव्हता. संस्थाप्रमुखाच्या मर्जीला नियमाची चौकट घालणे हेच पुढच्या नव्वद वर्षांतले खरे काम ठरले.

१९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर बाबासाहेबांनी दलित विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी केंद्र सरकारच्या तिजोरीतून पैसा मागितला. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली आणि १९४८ मध्ये आदिवासी विद्यार्थ्यांना लागू झाली. आजही महाराष्ट्रातल्या पदव्युत्तर वर्गातली मोठी संख्या याच योजनेच्या आधाराने शिकते. जागांचा पाया १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने घातला गेला. मद्रास प्रांतातली राखीव प्रवेशाची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने चंपकम दोराईराजन खटल्यात रद्द केल्यावर मागासवर्गीयांसाठी विशेष तरतूद करण्याची मुभा देणारा अनुच्छेद १५(४) आला. केंद्रीय संस्थांत ओबीसींसाठी २७ टक्के जागा मात्र २००६ च्या कायद्याने आल्या, आणि एप्रिल २००८ मध्ये न्यायालयाने त्या मान्य केल्या. या कायद्याच्या परिशिष्टात काही संस्थांना सूट आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यांतली एक.

या कायद्यातला एक शब्दप्रयोग पीएच.डी.ला नीट लागू पडत नाही. राखीव जागा मोजायच्या त्या ‘प्रत्येक शाखेच्या वार्षिक मंजूर प्रवेशक्षमते’तून. एम.ए., एम.एस्सी.ची प्रवेशक्षमता ठरलेली असते, पीएच.डी.ची नसते. ती मार्गदर्शकाकडे किती जागा रिकाम्या आहेत यावर ठरते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ आणि २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक असू शकतात. एक प्राध्यापक, दोन सहयोगी आणि तीन सहायक असलेल्या विभागाची कमाल क्षमता ८ + १२ + १२ म्हणजे ३२ होते. प्राध्यापकाचे आणि एका सहयोगीचे पद रिकामे राहिले की ती १८ वर येते. वर्षानुवर्षे भरती न होणाऱ्या राज्य विद्यापीठांत जागा आटतात त्या अशा. त्यातच विभागाने जागा मार्गदर्शकनिहाय जाहीर केल्या तर आरक्षण कागदावरच राहते : एकाकडे एक जागा, दुसऱ्याकडे दोन, आणि १५ टक्क्यांनी एकातही पूर्णांक येत नाही. त्या एकत्र मोजायच्या, आरक्षण लावायचे आणि मग विषय व मार्गदर्शक वाटायचे, हा क्रम पाळला तरच हिशेब जुळतो. उमेदवाराने जाहिरात वाचताना पहिल्यांदा हेच बघावे.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात २०१७ मध्ये हे नियम लागू होताच एम.फिल. आणि पीएच.डी.च्या जागा एकदम आक्रसल्या. मागास जिल्ह्यांतून येणाऱ्या उमेदवारांना जादा गुण देण्याची तिथली जुनी पद्धतही या प्रवेशांपुरती बंद झाली. त्याहून मोठा वाद मुलाखतीचा झाला. लेखी परीक्षा केवळ पात्रतेपुरती, ५० टक्के मिळाले की पार; निवड पूर्णपणे मुलाखतीवर. याच विद्यापीठाच्या नफे समितीने प्रवेशांच्या आकडेवारीवरून मुलाखतीत वंचित गटांना सातत्याने कमी गुण मिळतात असे दाखवून तिचे गुण ३० वरून १५ करावेत असे सुचवले होते, आणि नियम नेमका उलट दिशेने गेला. २०१८ मध्ये तो मागे घ्यावा लागला. आता लेखी ७०, मुलाखत ३० असे प्रमाण आहे. २०२४-२५ पासून नेटचे, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे, गुणही याच प्रमाणात धरता येतात.

७०-३० सुरक्षित वाटते, पण आकडे मांडून पाहावेत. लेखीत ६० टक्के मिळवणाऱ्या मुलीचे ४२ गुण होतात. मुलाखतीत ३० पैकी १० दिले की बेरीज ५२. लेखीत ५० टक्के मिळवणाऱ्याचे ३५, मुलाखतीत २५, बेरीज ६०. लेखीतले दहा टक्के म्हणजे सात गुण, आणि मुलाखतीच्या खोलीत पंधरा गुणांचा फरक सहज पडतो. तो सावरायचा तर प्रत्येक सदस्याने स्वतंत्र गुणपत्रिका भरणे, विषयज्ञान, आराखडा, पद्धती असे घटक आधी ठरवून घेणे आणि लेखीचे गुण मुलाखत संपेपर्यंत समितीपुढे न ठेवणे, हे तीन उपाय साधे आहेत. यातले काहीही करायला विभागप्रमुखाला वरून परवानगी लागत नाही.

प्रवेशानंतर पुन्हा पैसा येतो. २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या राजीव गांधी राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीने सुरुवातीला दरवर्षी अनुसूचित जातींच्या १,३३३ आणि जमातींच्या ६६७ संशोधकांना आधार दिला. अल्पसंख्याक संशोधकांसाठीची मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती २००९ मध्ये आली आणि २०२२ मध्ये बंद झाली. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. २०१५ मध्ये नेट नसलेल्यांचे दरमहा ५ आणि ८ हजार रुपये बंद करण्याच्या निर्णयावर देशभर आंदोलन झाले आणि ती योजना टिकली. रक्कम वाढली आहे : कनिष्ठ अधिछात्राला जानेवारी २०२३ पासून ३७ हजार, ज्येष्ठाला ४२ हजार. पण ती हातात पडण्याची वाट लांब आहे. संशोधक हजेरी आणि कामाचा दाखला देतो, मार्गदर्शक आणि विभागप्रमुख सह्या करतात, विद्यापीठातला एक कर्मचारी पोर्टलवर नोंद भरतो, दुसरा ती पक्की करतो. यातली एक कडी रजेवर गेली की त्या महिन्याचा पैसा थांबतो. दोन वर्षांनी कनिष्ठचे ज्येष्ठ होताना समितीची बैठक लागते. ती लांबली की थकबाकी साचते. घरून पैसे मागवता येणाऱ्याला हा उशीर त्रासदायक, घरी पैसे पाठवणाऱ्याला तो शिक्षण सोडायला लावणारा. म्हणून थकबाकीकडे लेखाविभागाची किरकोळ बाब म्हणून पाहणे चूक आहे.

वागणुकीचा प्रश्न नियमांत सर्वांत उशिरा आला. दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाच्या तक्रारींवर २००६ मध्ये समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते अमरावती जिल्ह्यातून आलेले आणि औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले सुखदेव थोरात, त्या वेळी विद्यापीठ अनुदान आयोगाचेही अध्यक्ष. वसतिगृहात वेगळे पडणे, शिक्षकांनी टाळणे, तोंडी परीक्षेतली वागणूक या गोष्टी तिच्या अहवालाने पहिल्यांदा सविस्तर नोंदवल्या. त्यानंतर आयोगाचे २०१२ चे समता नियम आले : प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष, विद्यापीठात किमान प्राध्यापक दर्जाचा भेदभावविरोधी अधिकारी, तक्रारीचा निकाल साठ दिवसांत. नियम होते, तरी बहुतेक ठिकाणी अधिकाऱ्याचे नाव संकेतस्थळापुरते राहिले. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात संशोधक रोहित वेमुलाने आत्महत्या केली; त्याची अधिछात्रवृत्ती सात महिने थकली होती. २२ मे २०१९ रोजी मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणारी जळगावची डॉ. पायल तडवी हिनेही आत्महत्या केली. दोघांच्या आयांनी मिळून सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्या याचिकेच्या ओघात १३ जानेवारी २०२६ रोजी नवे नियम आले : संस्थाप्रमुखाच्या अध्यक्षतेखाली समता समिती आणि तक्रारीसाठी दिवसांत मोजलेल्या मुदती. भेदभावाच्या व्याख्येवरून विरोध झाला आणि २९ जानेवारीला न्यायालयाने त्यांना स्थगिती देऊन २०१२ चे नियम चालू ठेवले. पण संशोधकाची अडचण दोन्ही नियमांत तशीच राहते. मार्गदर्शकाविरुद्ध तक्रार केली तर दुसरा मार्गदर्शक कोण, हे आधी ठरलेले नसेल तर साठ दिवसच काय, पंधरा दिवसही फार होतात.

आता सहीच्या जागेकडे. शिक्षकांची राखीव पदे बिंदुनामावलीने (रोस्टरने) मोजतात, म्हणजे कितवे पद कोणत्या प्रवर्गाचे हे सांगणाऱ्या यादीने. बिंदू काढायची रीत सोपी आहे : टक्केवारीचा पूर्णांक ज्या क्रमांकावर पूर्ण होतो, तो क्रमांक त्या प्रवर्गाचा. ओबीसींचे २७ टक्के चौथ्या पदावर एक ओलांडतात, अनुसूचित जातींचे १५ टक्के सातव्या पदावर, जमातींचे साडेसात टक्के चौदाव्यावर. पूर्ण विद्यापीठ एकक धरून दोनशे बिंदू केले तर अनुसूचित जातींची ३०, जमातींची १५ आणि ओबीसींची ५४ अशी ९९ पदे राखीव होतात. एप्रिल २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने एकक विद्यापीठ नव्हे, विभाग धरावा असे ठरवले आणि मार्च २०१८ मध्ये आयोगाने तसे परिपत्रक काढले. टक्केवारी तीच राहिली, एकक बदलले. पदे संवर्गनिहाय मोजतात, म्हणजे प्राध्यापक वेगळे, सहयोगी वेगळे, सहायक वेगळे. विभागात प्राध्यापक एक, सहयोगी दोन. तिथे चौथा बिंदू येतच नाही, सातवा तर स्वप्नात. जमातींसाठीचा चौदावा बिंदू एका संवर्गात चौदा माणसे असलेल्या विभागातच येईल, आणि असा विभाग शोधून सापडत नाही. मार्च २०१९ च्या अध्यादेशाने आणि नंतरच्या कायद्याने विद्यापीठ हे एकक परत आणले. महाराष्ट्राने २०२१ मध्ये त्याच धर्तीवर कायदा केला. केंद्रीय विद्यापीठांत वरच्या दोन पदांवर ओबीसींना आरक्षण मिळाले तेही या २०१९ च्या कायद्यानेच. मधल्या काळात भरती जवळपास ठप्प होती. भरती झाली तरी ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ या शेऱ्याने राखीव पदे रिकामी राहतात आणि अनुशेष पुढे सरकतो.

कुलगुरुपदाला आरक्षण नाही. तिथे शोधसमिती नावे सुचवते आणि कुलपती निवडतात. मुंबई विद्यापीठाला पहिल्या महिला कुलगुरू मेहरू बेंगाली मिळाल्या १९८६ मध्ये, म्हणजे १२९ वर्षांनी. १९९५ मध्ये आलेल्या स्नेहलता देशमुख यांनी विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर आईचे नाव आणले, आणि वरच्या खुर्चीत कोण आहे याने काय बदलते ते लाखो घरांत पोचले. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाला पहिल्या महिला कुलगुरू २०२२ मध्ये मिळाल्या, त्याही पुण्यातून गेलेल्या.

या पदासाठी प्राध्यापक म्हणून दहा वर्षे लागतात. सहायक प्राध्यापकाला पदोन्नतीने प्राध्यापक होण्यासाठी ४ + ५ + ३ + ३ अशी किमान पंधरा वर्षे जातात. थेट निवड झाली तरी दहा वर्षांचा अनुभव हवाच. अधिछात्रवृत्ती आणि भरती दोन्ही रखडल्यामुळे पस्तिशीत रुजू झालेला माणूस पदोन्नतीच्या वाटेने साठीला पात्र होतो, आणि महाराष्ट्रात कुलगुरूंची वयोमर्यादा ६५ आहे. २०१९ च्या कायद्यानंतरच्या भरतीत २०२० मध्ये रुजू झालेल्या सहायक प्राध्यापकाचे नाव या वाटेने शोधसमितीपुढे जाईल ते २०४५ मध्ये.